हवालदाराने आणलेली काडी

हवालदार आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्याने दादाची विचारपूस केली नाही. पाणीही मागितलं नाही. बाजूला चाकं लावलेली स्कूटर ओट्याला टेकवली, मागच्या पत्र्याच्या पेटीतून पहार काढली आणि उजवा पाय ओढत येऊन दारात उभा राहिला. आमचा उंबरठा सागवानी, वीतभर उंच. माय रोज सकाळी त्याला हळदीकुंकू लावायची.

"ह्याच्यावरून त्याची चाकाची खुर्ची कशी काढता?" त्याने मला विचारलं.

"उचलतो दोघं. मी आणि वहिनी."

"आन् तुम्ही घरात नसल्यावर?"

"मग तो आतच असतो."

"म्हंजी कैदी हाय," तो म्हणाला आणि मायकडे वळला. "माय, तुझ्या लक्ष्मीला जरा दुसरीकडं बसव. हितून तुझ्या पोराला जायचंय."

मायला काय चाललंय ते कळायच्या आत पहारेचं टोक चौकटीत घुसलं होतं. माय त्याला मुडदा म्हणाली, सात पिढ्या काढल्या, शेजारचे लोक गोळा झाले. मी मात्र आत बघत होतो. पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यातून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसणारा माझा भाऊ चाकं फिरवून दाराकडे वळला होता आणि हसत होता.

दादाच्या पाठीच्या कण्यात गोळी लागली होती. कमरेखाली काही उरलं नव्हतं. हवालदाराचा स्वतःचा उजवा पाय गुडघ्याखालून सुरुंगात गेलेला, डाव्या हाताची दोन बोटंही गेलेली. तो नायगावकडचा. फौजेतून सुटल्यावर बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायची नोकरी मिळत होती, ती त्याने घेतली नाही. त्याने दुसरंच काम अंगावर घेतलं. धर्माबादपासून अहमदपूरपर्यंत कुठल्याही गावात जखमी जवान घरी परतला की महिन्याभरात हवालदाराची स्कूटर त्याच्या दारात उभी राही. बातमी त्याला एसटीच्या कंडक्टरांकडून मिळायची. पत्र्याची काळी ट्रंक आणि कुबड्या घेऊन उतरलेला माणूस कुठल्या फाट्यावर उतरला, हे कंडक्टर विसरत नाही. त्याची ना संस्था होती, ना पावतीपुस्तक. त्याचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. हवालदार एवढंच.

त्याच्या पायाचे किस्से नांदेडच्या कचेऱ्यांत अजून सांगतात. एखाद्या साहेबाने तासभर ताटकळत ठेवलं की तो पट्टे सोडून नकली पाय काढायचा, बुटासकट साहेबाच्या टेबलावर उभा करायचा आणि म्हणायचा, "मी चहा पिऊन येतो. तोवर ह्यो बसंल लाइनीत." पाय टेबलावर असताना साहेबाला दुसरं काम सुचत नसे. दादाच्या पेन्शनचा अडलेला कागद असाच हलला. मी बरोबर होतो. माझी मान शरमेने खाली गेली होती. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मास्तर, लाज वाटायली ना? ती त्या साहेबाला वाटाया पाहिजे हुती. तू कामून घेतलीस?"

मी तेव्हा अहमदपूरच्या शाळेत शिकवत होतो. दुसऱ्याची लाज स्वतः घ्यायची सवय मला आधीपासूनच होती.

सत्काराचा त्याला संताप. सव्वीस जानेवारी आली की शाळाशाळांतून या पोरांना बोलावणं यायचं. उन्हात खुर्चीवर बसवायचं, पाहुणे उशिरा येणार, मग शाल, नारळ, टाळ्या. हवालदार शाल घेऊ द्यायचा, पण दुसऱ्या दिवशी ती मागून न्यायचा. चार-पाच शाली जमल्या की अहमदपूरच्या एका गादीवाल्याकडून त्यांची चौकोनी गादी शिवून घ्यायचा. कण्याला मार लागलेल्या माणसाला बुडाखाली मऊ लागतं, नाहीतर कातडी सडते आणि त्याला कळतही नाही. दादाला गादी देताना तो म्हणाला, "बस. गावानं दिलेला मान हाय, त्येच्यावर बस."

त्याच वेळी त्याने वहिनीच्या हातात एक दांडीचा आरसा दिला. रोज संध्याकाळी दादाची पाठ आणि बूड बघायचं, कुठे लाल झालंय का. पुढे तो जेव्हा येई तेव्हा गाडी बंद व्हायच्या आधीच गल्लीला ऐकू जाईल असं विचारी, "सूनबाई, बूड बघितलं का?" मायला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वहिनी मात्र पदर तोंडाला लावून हसायची आणि आतून उत्तर द्यायची, "बघितलं, भाऊ. तुमच्या तोंडापेक्षा बरं हाय."

वहिनी उदगीरकडच्या खेड्यातली. बारावी झालेली. राग आला की पुटपुटताना कानडी बोलायची, म्हणजे आम्हाला कळू नये. लग्नानंतर दादाच्या दोन सुट्ट्या, एवढाच तिचा संसार झाला होता. मूल नव्हतं. दादा जखमी झाला तेव्हा ती जेमतेम पंचविशीत असेल.

हवालदाराने दादाला बसायला जागा मिळवून दिली ती एसटी स्टँडच्या मागे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. दादा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता, हात जाणता होता. हवालदाराने खुर्चीच्या उंचीचं लाकडी टेबल करून घेतलं. आमच्या भागात विजेचा दाब असा की उन्हाळ्यात रोज कुणाची तरी मोटार जळते. दुकान चाललं. वहिनी दुपारचा डबा घेऊन जायची ती संध्याकाळपर्यंत तिथेच थांबायची. तांब्याच्या तारेचं रीळ ती धरायची, दादा वेटोळी घालायचा. हळूहळू तीही वेटोळी घालायला शिकली. एकदा मी शाळा सुटल्यावर गेलो तर दोघं भांडत होती. दादा म्हणत होता, तार ढिली धरलीस. ती म्हणत होती, तुमचेच हात थरथरतात, आधी चष्मा करा. मी बाहेरूनच परत फिरलो. नवरा-बायको भांडताना बघून मला इतकं बरं वाटलं होतं, याचं तेव्हा आश्चर्य वाटलं नाही, आज वाटतं.

हे सगळं हवालदारानेही पाहिलं होतं. पण त्याला त्यात दुसरं काही दिसत असावं.

त्याची बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली होती. तिच्याबद्दल तो एकदाच बोलला, दुकानात, चहा पिताना. "मी पाय घालवून आलो तवा तिला लोक म्हणायचे, सावित्री हाय. सावित्री म्हणून म्हणून तिला खिळा मारून ठिवलं घरात. तिनं कधी तोंड उघडलं न्हाई. माझा पाय धुयाची, भाकर वाढायची, न्हाई बोलायची. मरतानासुदिक न्हाई बोलली. मला शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पाया पडलो असतो."

दादा तार गुंडाळत होता. त्याचा हात थांबला.

त्यानंतर हवालदार काही रविवार दादाशी दुकानाचं शटर अर्धं ओढून बोलत बसला. मग एका संध्याकाळी दादाने मला सांगितलं की तो वहिनीला मोकळी करणार आहे. काडीमोड करणार आहे. आमच्याकडे पंचांसमोर नवऱ्याने काडी मोडली की बायको सुटली, अशी जुनी रीत. आता कोर्ट आहे. पण गावाला अजून कोर्टापेक्षा काडी पटते.

मी भडकलो. हवालदाराला गाठलं आणि म्हटलं, हे आमच्या घराण्यात झालं नाही, वहिनी तशातली नाही, लोक काय म्हणतील, सात जन्मांचं नातं असतं. शाळेत पोरांना सांगतो ते सगळं त्याला सांगितलं.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तर, खरं बोल. ती गेल्यावर त्याला सकाळी कोण उचलनार, त्याची लघवीची पिशवी कोण बदलनार, ह्येचा तुला घोर लागलाय."

मी नाही म्हणालो. तो खोटं बोलतोय असं मायलाही सांगितलं. पण माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि येणाऱ्या मुलीच्या बापाने आडून विचारलं होतं की घरात आजारी माणसाचं कोण करतं. मी सांगितलं होतं, वहिनी आहे ना. वहिनी आहे, या एका वाक्यावर माझा सगळा संसार उभा राहायचा होता.

आम्ही दोघं तिच्यावरून भांडत होतो. ती पाच हातांवर भांडी घासत होती.

काडीमोडीच्या दिवशी तिचा बाप आणि भाऊ उदगीरहून आले. ओट्यावर चौघं पंच बसले. हवालदाराने इस्त्रीचे कपडे घातले होते, छातीवर पदकं लावली होती. त्याला ते मानाने व्हायला हवं होतं. त्याने पंचांना उभं राहून सांगितलं, "ही बाई निर्दोष हाय. तिनं नवऱ्याचं लई केलं. जवान आपल्या खुशीनं तिला मोकळी करायलाय. ह्येच्यात तिची बदनामी न्हाई, उलट मान हाय. लिहून घ्या पायजे तर." त्याला खरोखर वाटत होतं की सगळ्या गावाने ऐकलं की झालं. युनिटमध्ये हुकूम वाचून दाखवला की तो लागू होतो, तसं.

मग त्याने खिशातून ज्वारीच्या कडब्याची एक काडी काढून दादाच्या हातात दिली. ती तो घरूनच घेऊन आला होता. सुकी, सरळ, पानं सोललेली.

चाकं ढकलून ढकलून दादाचे हात दणकट झाले होते. काडी मोडायला काहीच लागलं नाही. तो म्हणाला, "आजपासून तू मोकळी." पण कुणाला म्हणाला? वहिनी समोर नव्हतीच. ती आत पंचांसाठी चहा करत होती.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा काडीचे दोन तुकडे खाली पडले होते. तिने ते पाहिले. ताटलीतले कप पंचांना दिले, बापाला दिला, शेवटचा हवालदारापुढे धरला.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालं, सूनबाई. आता तू..."

"जायचं का ऱ्हायचं, मी अजून ठरविलं नव्हतं, भाऊ," ती म्हणाली. "कधी वाटायचं जावं. कधी वाटायचं, कामून जावं. मला ठरवायचं हुतं."

हवालदाराने कप घेतला नाही. ती धरून उभी राहिली. मग तिने तो खाली ठेवला आणि ट्रंक भरायला आत गेली. दादाने तिला हाक मारली नाही. मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो, मीही नाही मारली. बाप म्हणाला, "पाच वाजताची गाडी हाय," आणि सगळे त्या गाडीबद्दल बोलायला लागले.

गावाने हवालदाराचं भाषण दोन दिवसांत विसरून टाकलं. लक्षात राहिलं ते एवढंच, की नवऱ्याने काडी मोडली, म्हणजे टाकली. आणि पांगळ्या नवऱ्याने टाकली, म्हणजे काहीतरी असणारच. उदगीरकडे ही बातमी तिच्या आधी पोचली होती. बापाने तिला वर्षभर घरात ठेवलं आणि देगलूरकडच्या एका बिजवराला दिली. त्याच्या मुलीच लग्नाच्या वयाच्या झाल्या होत्या. दुसरं स्थळ येत नव्हतं.

माझं लग्न झालं. बायकोने सहा महिने दादाचं केलं, तोंडाने काही बोलली नाही, फक्त भांडी जोरात आपटायची. पुढच्या वर्षी मी लातूरच्या शाळेत बदली मागून घेतली. बदली झाली असं मी सगळ्यांना सांगितलं. मागून घेतली हे आज पहिल्यांदा सांगतो आहे. दादाजवळ माय राहिली आणि सकाळी येऊन उचलणारा एक गडी. दादा बहुतेक दुकानातच झोपायला लागला. आरशात बघणारं कुणी नव्हतं. हवालदार येई तेव्हा स्वतः त्याला पालथा घालून बघायचा, जखमा धुवायचा, आणि आता गल्लीला ऐकू जाईल असं काही बोलायचा नाही. त्याचं बाकीचं काम चालूच होतं. उंबरठे फोडायचा, पाय काढून टेबलावर ठेवायचा. पण जिथे नवी बायको असेल तिथे तो ओट्यावरच बसे, आत जात नसे. धर्माबादच्या एका पोराने त्याला विचारलं, भाऊ, बायकोचं काय करू? तो म्हणाला, "ते सोडून दुसरं काय बी इचार."

अशी बरीच वर्षं गेली आणि दादाच्या मूत्रपिंडात पू झाला. नांदेडच्या दवाखान्यातच तो वारला. मी लातूरहून पोचेपर्यंत त्याला गावी आणलं होतं.

अंगणात गर्दी होती. आजूबाजूचे माजी सैनिक आले होते, कुबड्यांवर, खुर्च्यांवर. हवालदार दारात उभा राहून माणसांना रांगेने आत सोडत होता. घरातलं कुणी गेल्यासारखा तो कोसळला नव्हता. बंदोबस्त करत होता.

तेवढ्यात फाटकातून वहिनी आली. एकटी. केस पिकायला लागलेले, हातात कापडी पिशवी. कपाळावर कुंकू होतं, ते दुसऱ्या नवऱ्याचं. बायकांमध्ये कुजबुज झाली. एक चुलती मोठ्याने म्हणाली, "हिचं आता काय काम हितं?" माय उठली नाही. मी फाटकाजवळच होतो, माझ्या हाताला तिचा पदर लागला असता इतक्या जवळून ती गेली. मी तिला ये म्हणालो नाही.

हवालदाराने दारात हात आडवा धरला. आवाज हळू केला. "बाई, तू आत नको जाऊस. लोक लई बोलतील. तुझ्या घरी कळलं तर तिकडं बी तरास व्हईल. तुझ्या भल्यासाठीच सांगायलो."

"बाजूला सरा," ती म्हणाली.

"ऐक माझं..."

"सरा."

हवालदाराला मी कलेक्टरच्या दारातून हलताना पाहिलं नव्हतं. त्याने चौकट धरली, नकली पाय आधी मागे नेला, मग चांगला. ती आत गेली. मी दारातून बघत होतो. दादाची पावलं आतल्या बाजूला वळायची, गोळी लागल्यापासून. कुणी ती सरळ केली नव्हती. ती पायांशी बसली. दोन्ही पावलं हातात धरून सरळ केली, पुन्हा वळायला लागली तेव्हा पिशवीतला टॉवेल काढून घडी केली आणि मध्ये बसवला. चेहऱ्याकडे तिने फार वेळ पाहिलं नाही. उठली, मायच्या पायांना हात लावला आणि पाणीही न घेता बाहेर पडली.

हवालदार तिच्या मागे गेला. मीही गेलो. स्टँडवर देगलूरची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली होती. हवालदार खाली उन्हात उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला कुणाकडे मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं. साहेबांशी बोलताना तो उभा असायचा आणि साहेब बसलेले असायचे.

"बाई, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी तुला इचारायला पायजे हुतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात कुणी भाव सांगितल्यावर आपण पाहतो तसं.

"तुमचं चुकलं म्हणून माझं काय फिरनार हाय, भाऊ?" ती म्हणाली. "तुम्ही बोललात, तुमाला आज झोप लागंल. मला तिकडं जाऊन सांगायचंय, कुठं गेलते ते."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळून निघून गेली. हवालदार धुरळ्यात तसाच उभा होता. मग म्हणाला, "चल, मास्तर. तिथं उचलायला मानसं लागतील."

हवालदाराला जाऊनही आता दोन पावसाळे झाले. सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि ते खरं आहे. तो आला नसता तर कितीतरी पोरं आत भिंतीकडे तोंड करून मेली असती. माझा भाऊ त्यांतला एक होता.

त्या दिवशी स्टँडवर मलाही तिला काही सांगायचं होतं. लग्नाच्या बोलण्यांचं, बदलीचं, खांबाला टेकून उभा होतो त्याचं. हवालदाराला मिळालेलं उत्तर ऐकलं आणि मी तोंड मिटलं. आज ते लिहून काढलं आहे. वहिनी बारावी शिकलेली आहे, तिला वाचता येतं. देगलूरकडचा पत्ताही मला माहीत आहे. पण तिथे टपाल घरातले कुणीही फोडतात, आणि मग हे कुणाचं, काय लिहिलंय, ते तिलाच सांगत बसावं लागेल. म्हणून हे मी तिला पाठवणार नाही.